अहो, दोन पानं उलटलीत!

पुस्तकांविषयी मत देणे हा माझा जुना छंद आहे. पुस्तके वाचणे हा त्या मानाने अलीकडचा.

हे कबूल करायला मला पंचाहत्तरी गाठावी लागली. कारण परवापरवापर्यंत उस्मानपुऱ्यात, निदान पीर बाजार ते संत एकनाथ रंगमंदिर एवढ्या टापूत, 'वाचणारा माणूस' अशी माझी ख्याती होती. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, गल्लीतल्या पाट्या बदलल्या, पण माझी ख्याती जागची हलली नाही. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे टिपणे लिहिली. तिथेही नवीन साहेब आला की 'हे आमचे साहित्यिक' अशी माझी ओळख करून दिली जाई. साहित्यातली एक ओळ मी लिहिलेली नाही. पण मधल्या सुट्टीत डब्याचे झाकण उघडता उघडता मी एखाद्या कादंबरीविषयी "तशी बरी आहे, पण शेवटीशेवटी लेखकाची पकड सुटते" असे म्हणत असे. आता या वाक्याची गंमत अशी, की ते कुठल्याही कादंबरीला लागू पडते. ज्याने कादंबरी वाचलेली नसते तो गप्प बसतो, आणि ज्याने वाचलेली असते त्याला शेवट आठवत नसतो. "म्हणजे नेमकी कुठं सुटते हो?" असे बत्तीस वर्षांत मला एकानेही विचारले नाही.

माझी पद्धत साधी होती. आधी मलपृष्ठ वाचायचे, मग प्रस्तावना, मग पहिली वीस पाने आणि मग शेवटचे पान. मधल्या मजकुरावरून अंगठा फिरवला की पानांचा जो वारा लागतो, त्यावरून लेखकाचा वकूब कळतो अशी माझी समजूत होती. कलिंगड घेताना आपण टिचकीच मारून बघतो ना? सगळे खाऊन मग भाव कोण करतो?

आमची ही मात्र कलिंगड सालीपर्यंत खाणारी. दुपारी भांडी आवरली की पाय लांब करून ती जे हाती येईल ते वाचत असे. वर्तमानपत्र तर ती निविदा सूचनांपर्यंत वाचते. कुठल्या तालुक्यात कुठल्या पुलाचे काम निघाले आहे हे तिला बांधकाम खात्याच्या आधी ठाऊक असते. पण ती वाचते हे घरात कोणाच्या फारसे लक्षात आले नव्हते, कारण ती मत देत नसे.

गेल्या पावसाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांवरचा मोतीबिंदू पिकला. डाळीतला खडा दिसेना, मग निविदा दिसेनाशा झाल्या. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण आधी साखर खाली आणा. दोन-तीन महिने लागतील. आणि मधुमेह जुना आहे, तेव्हा मागचा पडदा कसा आहे ते मोतीबिंदू काढल्यावरच नीट कळेल." हे शेवटचे वाक्य त्यांनी खाली बघून, औषधे लिहिता लिहिता उच्चारले. आम्ही दोघांनीही ते ऐकले आणि दोघांनीही न ऐकल्यासारखे केले. रिक्षा क्रांती चौकापर्यंत आली तरी कोणी बोलेना. चौकातल्या सिग्नलला ही म्हणाली, "मग तोवर तुम्हीच वाचून दाखवा."

मी आनंदाने हो म्हटले. मला काय माहीत, की मोठ्याने वाचताना पानांचा वारा घेता येत नाही!

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने केली. १९३४ साली पहिला भाग निघालेले हे पुस्तक आमच्या कपाटात लग्नापासून आहे आणि त्यावरचे माझे मतही लग्नाइतकेच जुने आहे. 'स्त्रीच्या भावविश्वाचा प्रांजळ आविष्कार' असे ते मत होते. ते कुठल्या मलपृष्ठावरून उचलले होते, आता आठवत नाही. तिसऱ्या दिवशी घसा दुखायला लागला म्हणून मी हळूच दोन पाने एकदम उलटली आणि त्याच आवाजात पुढे वाचू लागलो.

"अहो, दोन पानं उलटलीत."

दिसत तर काहीच नव्हते. मी म्हटले, "तुला कसं कळलं?"

"आत्ता टिळक या गावात होते, लगेच दुसऱ्या गावात कसे पोचले? टिळक उठसूट गाव सोडतात हे खरं, पण निदान गाडीत तरी बसतात."

मी मुकाट्याने मागे आलो आणि टिळकांना गाडीत बसवले.

त्या पुस्तकाला आम्ही सव्वा महिना लावला. १८९५ साली टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि बायको इकडे आकांत करते आहे, हा भाग वाचला त्या संध्याकाळी ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला विचारलं नाही ना त्यांनी."

"अगं, केवढी आध्यात्मिक तळमळ होती त्या माणसाची..."

"असेल. पण विचारलं नाही. तुम्ही तरी १९८६ साली स्कूटरला नंबर लावलात तेव्हा मला कुठं विचारलं होतंत?"

"धर्मांतर आणि स्कूटर यांत काही फरक आहे की नाही?"

"त्यात आहे. न विचारण्यात काय फरक आहे?"

यावर कुठल्याही प्रस्तावनेत उत्तर नाही. पुढे पाच वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. तो भाग वाचल्यावर हिने मत दिले. मला आठवते त्याप्रमाणे पुस्तकावरचे तिचे हे पहिलेच मत. ती म्हणाली, "ही बाई रडण्याच्या जागी हसते आणि घरात दाणा किती उरलाय ते कधी विसरत नाही. म्हणून सगळं खरं वाटतं." मी 'प्रांजळ आविष्कार' म्हणायला तोंड उघडले होते, ते जांभई देऊन मिटले.

त्यानंतर विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' घेतला. कोकणातल्या वरसईचा हा भटजी. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेत निघाला, आणि मुहूर्त सापडला तो नेमका १८५७ चा. पुस्तक छापून आले १९०७ साली, तोवर भटजीबुवा राहिले नव्हते. मी या पुस्तकाला 'इतिहासाचे महत्त्वाचे साधन' म्हणत असे. साधन म्हटले की ते वाचायची जबाबदारी इतिहासकारांवर जाते, आपण मोकळे.

पण झाशीचा वेढा सुरू झाला आणि मीच वाचायचा थांबेना. इंग्रजांचे गोळे शहरात पडताहेत, माणसे घर सोडून कुठे लपावे ते शोधताहेत, आणि नेमके त्याच क्षणी, रात्री सव्वाअकराला, खालून आरोळी आली, "नळ आला ऽऽ!" आमच्या शहरात या आरोळीचे काय मोल आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. पैठणला नाथसागर एवढा थोरला पसरलेला आहे, पण त्यातले पाणी आमच्या नळापर्यंत रोज येत नाही. येते तेव्हा यज्ञाला देव यावेत तसे येते आणि चुकले तर शाप देऊन जाते. मी पुस्तक पालथे टाकून धावलो. पिंप, बादल्या, कळशा, शेवटी कुकरसुद्धा भरला. ही मोटारीच्या आवाजावरून ओरडत होती, "अहो, भटजी लपले का नाही नीट?" मी पाइप धरून ओरडलो, "लपले! इंग्रज शहरात शिरलेत!" वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी खिडकी उघडून पाहिले आणि पुन्हा लावून घेतली.

साडेबाराला, ओल्या धोतरानेच, पुढचे वाचले. शहर पडल्यानंतरच्या कत्तलीचे वर्णन भटजींनी जसे पाहिले तसे केले आहे. त्यात वीररस शोधणाऱ्याने शोधावा. हिला एवढेच दिसले, की राणीवर इतके सिनेमे निघाले, पण राणीच्या गावातल्या साध्या माणसाला कशी भीती वाटली ते ह्या भटजीनेच सांगितले. आणि एवढा लुटला गेला, मिळवलेले सगळे गेले, तरी गंगेची कावड मात्र त्याने घरी आणली. "तुम्ही स्टेशनवरून दोन पिशव्या आणताना एक रिक्षात विसरता," हे तिने त्यावर उगाचच जोडले.

मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले, तेव्हा मी चार लोकांत त्यांच्या विज्ञानकथांविषयी भरपूर बोललो होतो. म्हणजे काय, तर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली, हा किस्सा सांगितला होता. किस्सा खराच आहे. पण किश्शाच्या जोरावर मी पन्नास वर्षे कथा न वाचता काढली होती. आता 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचायला घेतली. हिने प्रथम "उजव्या सोंडेचं सोवळं फार कडक असतं, ते कोण पाळणार?" ही शंका काढली. कथेत मोबियसची पट्टी येते. ती तिला समजेना, आणि खरे सांगायचे तर मलाही समजलेली नव्हती. मग वर्तमानपत्राची एक पट्टी कापली, एक पीळ देऊन टोके चिकटवली आणि तिच्या हातात दिली. दिसत नव्हते म्हणून तिने बोट ठेवले आणि पट्टीवरून हळूहळू फिरवत नेले. बोट फिरत फिरत आतून बाहेर आले, बाहेरून आत गेले आणि पुन्हा जिथून निघाले तिथे आले.

"अगंबाई! हिला दुसरी बाजूच नाही की!"

मी डोळे उघडे ठेवून कथा वाचत होतो आणि मोबियस कळला तो तिला. ती पट्टी तिने दोन दिवस उशाशी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मोलकरणीने कचरा समजून टाकली.

मधल्या काळात स्वयंपाकघर माझ्याकडे आले होते, त्यामुळे कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' हेही माझ्या वाचनात आले. हे १९७० सालचे पुस्तक. इतर ग्रंथांवर मत देणे फार सोपे असते हो, कारण ते खोटे ठरवायला कोणी येत नाही. 'रुचिरा'वरचे मत अर्ध्या तासात ताटात पडते. वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेले इतके सरळ गद्य मी तरी दुसरे वाचलेले नाही. माझे थालीपीठ फाटले त्यात लेखिकेचा दोष नव्हता. मी सवयीने मधली एक ओळ गाळली होती.

बाबूराव अर्नाळकरांचे दोन-तीन झुंजारही झाले. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस माझ्या लहानपणी बीजगणिताच्या वहीत दडलेला असे. हिच्यापुढे मात्र त्याचे काही चालले नाही. विसाव्या पानावर "खुनी तो. मघापासून उगाच सारखा पुढं पुढं करतोय" असे म्हणून ती कूस बदलत असे आणि ऐंशीव्या पानावर तोच निघत असे.

आता 'हिंदू'. भालचंद्र नेमाड्यांची ही सहाशेच्या घरातली कादंबरी २०१० साली निघाली, त्याच महिन्यात मी ती घेतली. नेमाडे काही वर्षे आमच्या विद्यापीठात शिकवत होते, त्यामुळे शहराच्या अभिमानाचाही प्रश्न होता. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक आणि मी, आम्ही या कादंबरीवर गच्चीत पंधरा वर्षे वाद घालत आलो आहोत. ते अनुकूल, मी प्रतिकूल. माझी खूण बेचाळिसाव्या पानावर होती. धूळ झटकून पुस्तक उघडले तेव्हा त्या पानात २०१० सालची विजेची पावती निघाली. बिल तेव्हा किती कमी येत असे, यावर आमचा पहिला अर्धा तास गेला.

पुढचे मात्र विपरीत घडले. हिचे माहेर यावलकडचे, आणि खंडेराव मोहेंजोदडोचे उत्खनन सोडून निघतो तो खानदेशातल्या मोरगावी, आपल्या घराकडे. पहिल्या पाच पानांतच तिने मला सात वेळा दुरुस्त केले. "असं नाही म्हणत. हेल वर न्या. आता खाली सोडा." मी देशावरच्या सरकारी मराठीत खानदेश वाचत होतो. एकेक आत्या, एकेक आजी पुस्तकात आली की हिला आपली आत्या आठवे, आणि मग पुस्तक मिटून ती आत्या ऐकावी लागे. तीन आठवड्यांत आमची दीडशे पाने झाली, त्यांतली नव्वद नेमाड्यांची आणि साठ हिच्या माहेरची. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या आत्यांची नावेसुद्धा माझ्या कानावरून गेली नव्हती. किंवा गेली असतील. मी पानांचा वारा घेतला असेल.

एकदा प्राध्यापक जिन्यात भेटले. म्हणाले, "पुन्हा वाचताय म्हणे? काय, शेवटी पकड सुटते ना तुमच्या मते?" मी म्हटले, "सर, मी अजून शेवटाला पोचलो नाही." ते चपापले. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कितव्या पानावर आहात?" मी आकडा सांगितला. "अरे वा," ते म्हणाले आणि भाजीची पिशवी सावरत घाईघाईने वर गेले. अनुकूल मतही बेचाळिसाव्या पानाच्या आसपासच कुठेतरी थांबले होते की काय, हे मी अजून विचारलेले नाही.

एका पुस्तकाविषयी लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. शोधताना कपाटाच्या मागच्या रांगेत प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' सापडले. १९७९ चे पुस्तक. सोनकांबळे आमच्याच शहरात प्राध्यापक होते. पुस्तकावर चर्चा होती म्हणून मी तेव्हा विकत घेतले, चार पाने चाळली आणि कचेरीत सांगितले, "अनुभव चांगला आहे, पण भाषा ओबडधोबड." त्यानंतर ते मागच्या रांगेत गेले.

आईबाप नसलेले पोर बहिणीच्या आसऱ्याने वाढते आहे, शाळेला जाते आहे आणि भुकेले आहे, एवढीच तर गोष्ट. लेखक आवाज चढवत नाही. कुणाला शिव्या देत नाही. आज कुणी काय खायला दिले, काय दिले नाही, हे आपल्या मराठवाड्याच्या बोलीत सांगत जातो. मोठ्याने वाचायला लागलो आणि ती 'ओबडधोबड' भाषा माझ्याच तोंडात अशी बसली की जणू लहानपणी मीच ती बोलत होतो. बोलतच होतो. आमच्या गावात सगळेच तसे बोलत. शहरात येऊन कचेरीत चिकटल्यावर मी ती घासून काढली होती. आणि आमच्या गावातही गावाबाहेरची वस्ती होती, माझ्या वर्गात त्या वस्तीतली दोन मुले होती. ती मधल्या सुट्टीत कुठे जात, काय खात, हे मला त्या रात्रीपर्यंत कधी सुचलेच नव्हते. एका पानावर आवाज अडकला. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

ही म्हणाली, "थांबलात तरी चालेल."

थोड्या वेळाने तिने विचारले, "हे पुस्तक किती वर्षं आपल्या घरात आहे?"

"पंचेचाळीस."

"आणि मला कधी दिलं नाहीत?"

मी म्हटले, "मीच वाचलं नव्हतं."

"पण लोकांना तर सांगत होतात." एवढे बोलून ती गप्प झाली. रागावली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक पुढच्या रांगेत ठेवले. यात काही मोठे केले असे नाही. पुढची रांग हातभर लांब आहे, एवढेच.

साखर खाली आली. ऑपरेशन ठरले. आदल्या रात्री मी 'हिंदू' उघडले तर ही म्हणाली, "आज नको. आज नुसतं बसा." आम्ही नुसते बसलो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूने गाड्यांचे आवाज येत होते. तिने एकदाच विचारले, "पडदा ठीक नसला तर?" मी म्हटले, "तर वाचायचं पुष्कळ राहिलंय." हे शहाणपणाचे उत्तर होते की मूर्खपणाचे, देव जाणे. तिने माझा हात मात्र सोडला नाही.

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगितली. तिने वरच्या चार ओळी वाचल्या, पाचवीत अडखळली, आणि मग तक्त्याच्या अगदी तळाशी बारीक टायपात छापखान्याचे नाव असते ते कोपऱ्यातून वाचायचा प्रयत्न करू लागली. डॉक्टर हसले. पडद्याला थोडी सूज आहे, औषधाने उतरेल, दर तीन महिन्यांनी दाखवत राहा, असे म्हणाले. रिक्षात बसल्यावर तिने वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. रिक्षावाल्याला वाटले, बाई पहिल्यांदाच शहरात आल्या आहेत.

दुसऱ्या डोळ्याचेही महिन्याभराने झाले. आता दुपारी ती पुन्हा पाय लांब करून स्वतः वाचते. पहिल्याच दिवशी निविदा सूचनांचा तीन महिन्यांचा गठ्ठा काढून बसली होती. 'हिंदू' तिने माझ्या हातातून काढून घेतले. "तुम्ही फार हळू वाचता," म्हणाली. मला घशाला आराम आहे. करायला काहीच नसल्याने मी समोरच्या खुर्चीत बसतो आणि पाने उलटल्याचा आवाज ऐकतो. एका पानाचा आवाज कसा येतो ते आता मला चांगले कळते.

काल मध्येच मी म्हटले, "अगं, दोन पानं उलटलीस."

"चिकटली होती," ती म्हणाली आणि बोट ओले करून मागे आली.